‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठं?

मार्चचा मधला आठवडा. चन्याच्या सुड्या वावरातच, गहू पिवळा पडलेला, आणि थ्रेशरवाल्याकडे आपला नंबर लागायला अजून चार दिवस. अशात मोबाइलवर अंदाज येतो: ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व वादळी वाऱ्यासह हलका ते मध्यम पाऊस. एक-दोन ठिकाणी गारपिटीची शक्यता. वाऱ्याचा वेग ताशी 40 ते 50 किमी.’ नकाशात जिल्हा पिवळा, नाहीतर नारिंगी. ताडपत्र्या शोधण्याची धावपळ होते, दोन मजूर जास्तीच्या रोजीनं बोलावले जातात, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कोणीतरी म्हणतंच, “गार सांगून रायले होते ना जी? इथं तर धुरळाबी नाही उडला.”

वैताग खरा आहे. पण बहुतेक वेळा अंदाज चुकलेला नसतो, आपण ‘तुरळक’ हा शब्द सोडून बाकी सगळं वाचलेलं असतं.

हवामान खात्याच्या भाषेत त्या शब्दाला मोजमाप आहे. विभागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस पडला, तर ते ‘तुरळक’. 26 ते 50 टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ या वाक्यात निम्म्याहून कितीतरी अधिक गावं कोरडी राहणार हे आधीच सांगून टाकलेलं असतं. गारपिटीचं तर आणखी अवघड. यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ 13,582 चौरस किलोमीटर, तालुके 16. समजा, 8 किलोमीटर रुंदीचा एक वादळी ढग जिल्ह्यावरून 20 किलोमीटर सरकत गेला. त्यानं झाकलेला पट्टा होतो 160 चौरस किलोमीटर, जिल्ह्याच्या सव्वा टक्क्याच्या आत. त्यातही गारा पडतात त्या पट्ट्याच्या एका भागातच. धुऱ्याच्या अलीकडं झोडपलेला गहू आणि पलीकडं उभा गहू, हे दृश्य म्हणूनच दिसतं. अलर्ट जिल्ह्याला असतो, वावराला नव्हे.

पण हे ढग मार्चमध्ये आपल्याच डोक्यावर का जमतात? विदर्भ दोन्ही समुद्रांपासून दूर, पण या दिवसांत बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचा दमट वारा आत शिरतो आणि उत्तरेकडून कोरडा, वरच्या थरात थंड वारा येतो. दोन्ही मध्य भारतावर भिडले की खालची हवा वर ढकलली जाते. जमीन तापलेली असतेच. खाली गरम आणि दमट, वर थंड आणि कोरडं: हवा वर उसळायला याहून सोयीची मांडणी नाही. दुपारी उगवलेला ढग संध्याकाळपर्यंत 12 किलोमीटर उंचीच्याही पुढं जाऊ शकतो.

या ढगात साधारण साडेचार किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. तरी तिथलं सगळं पाणी गोठत नाही. अतिशय बारीक थेंब उणे तापमानातही पाणीच राहतात, आणि एखाद्या बर्फकणाला आदळले की त्याला चिकटून गोठतात. असा कण वाढत जातो, खालून येणारा वारा त्याला तोलून धरतो. वाटाण्याएवढी गार धरायला हा झोत ताशी सुमारे 40 किलोमीटरचा लागतो, लिंबाएवढीला 100 च्या आसपास. झोताला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मे महिन्यात जमीन याहून जास्त तापते, मग तेव्हा गारा जास्त का नाहीत? तेव्हा शून्याची पातळी वर सरकलेली असते आणि खालची हवा तापलेली, त्यामुळे पडता पडता बऱ्याच गारा विरघळतात. मार्चला ही सूट नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यानं ते फार वाईट पद्धतीनं अनुभवलं. संत्रापट्ट्यात, वरूड-मोर्शीकडं, आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) फळं या दिवसांत जेमतेम गोटीएवढी असतात आणि ती गळायला फार मोठी गार लागत नाही.

त्याच अंदाजात खाली एक ओळ असते, तिच्याकडं कोणी बघत नाही: ‘पुढील दोन दिवस कमाल तापमानात विशेष बदल नाही, त्यानंतर 2 ते 3 अंशांनी वाढ.’ माझा भरवसा हिच्यावर जास्त. तापमान ठरवणारी हवा शेकडो किलोमीटर पसरलेली असते, ती एका गावाला वगळून दुसऱ्याला गाठत नाही. आठवड्याच्या अंदाजातून म्हणून उष्णतेचा आणि दमटपणाचा कल घ्यावा, ढगाचा पत्ता मागू नये.

पत्ता लागतो तो त्याच दिवशी. डॉप्लर रडारवर, म्हणजे ढगातला पाऊस आणि वारा टिपणाऱ्या रडारवर, वाढणारे ढग पाहून पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा निघतो, आणि विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. रंगांचंही तसंच: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा. पिवळ्या दिवशी मी तरी थ्रेशर थांबवणार नाही, फक्त ताडपत्री सुडीजवळ नेऊन ठेवीन. मग दुपारी तीनच्या सुमारास आभाळाकडं बघायचं. फुलकोबीसारखे ढग उभे वाढताहेत का, त्यातल्या एखाद्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरलाय का? वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजले आणि तीनानं भागले की ढगाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण कडकडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोतच. तेव्हा मोजणी घरात बसून करावी, धुऱ्यावरच्या बाभळीखाली नाही.