व्याकरणाच्या तासात खेळ कुठून आला? : इंग्रजी अध्यापनातील एका बदलाची पार्श्वभूमी

मराठी माध्यमाच्या वर्गात ‘तो कुठे राहतो?’ या वाक्याचे इंग्रजी विचारले, तर ‘व्हेअर ही लिव्ह्ज?’ असे उत्तर हमखास ऐकू येते. मराठीत प्रश्न विचारताना क्रियापदाला हात लावावा लागत नाही. इंग्रजीत मात्र मध्ये ‘डझ’ आणावे लागते आणि ते आले की मूळ क्रियापदाचा ‘एस’ गळून पडतो. हा नियम मुलांना पाठ असतो, परीक्षेतल्या रिकाम्या जागाही ती बरोबर भरतात, पण बोलताना तो वेळेवर आठवत नाही. नियम ठाऊक असणे आणि तो तोंडात बसणे यांतले हे अंतर जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना सतावत आले आहे, आणि व्याकरणाच्या तासात खेळाला जागा मिळाली ती मुख्यतः या अंतरामुळे.

खेळाच्या आधाराने शिकवावे हा विचार पुष्कळ जुना आहे. पहिल्या शतकातील रोमन शिक्षक क्विंटिलियन याने मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरे द्यावीत, असे लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने हंगेरीतील शारोशपाटाक येथे विद्यार्थ्यांकडून नाट्यप्रवेश करवून घेत लॅटिन शिकवले. असे प्रयोग मात्र तुरळकच राहिले, आणि व्याकरण म्हणजे पाठांतराचा विषय हेच समीकरण पुढेही टिकले.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रशियात व्याकरण-भाषांतर पद्धती रुजली. आधी नियम, मग अपवाद आणि शेवटी भाषांतरासाठी सुटी वाक्ये, असा तिचा क्रम होता. आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच वळणाची, आणि विसाव्या शतकात घराघरांत पोहोचलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरणही नियम आणि स्वाध्याय यांवरच उभे होते. या पुस्तकांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल. इंग्रजी ज्यांच्या कानांवर कधी पडत नव्हते अशा कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाचता आणि लिहिता आले, ते या पुस्तकांमुळेच. बोलणे हा त्यांचा उद्देशच नव्हता.

या पद्धतीविरुद्धचा मोठा आवाज जर्मनीतच उठला. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटोर याने टोपणनावाने एक पुस्तिका काढून भाषाशिक्षणाने आपली दिशा उलटी फिरवली पाहिजे, अशी मागणी केली. त्याच सुमारास अमेरिकेत बर्लिट्झच्या शाळांनी मातृभाषा बाजूला ठेवून थेट परक्या भाषेतच शिकवण्यास सुरुवात केली होती. पुढे जपानमध्ये काम करणाऱ्या हॅरॉल्ड पामर याने १९२५ मध्ये आज्ञा आणि कृती यांवर आधारलेले पाठ प्रसिद्ध केले. शिक्षकाने आज्ञा द्यायची, विद्यार्थ्याने ती करून दाखवायची आणि जे केले ते वाक्यात सांगायचे, या क्रमात पुढच्या अनेक वर्गखेळांचे बीज दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना परक्या भाषा झटपट शिकवण्याची गरज निर्माण झाली. त्या वातावरणात वाक्यरचनांच्या तोंडी घोकणीला महत्त्व आले आणि पुढे त्यातूनच श्रवण-भाषण पद्धती आकाराला आली. स्वतंत्र भारतातही पन्नाशीच्या दशकात रचनात्मक पद्धती आली. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली, आणि शब्द बदलत एकच रचना पुनःपुन्हा म्हणवून घेण्याचा तक्ता फळ्यावर दिसू लागला. या सरावाने जीभ वळत असे, हे मान्य करायला हवे. तथापि वर्ग एका सुरात ‘धिस इज अ पेन’ म्हणत असताना त्या वाक्यातून कोणालाही काही कळवायचे नसे, आणि दहाव्या फेरीला मुलांचे लक्ष उडून जाई.

१९६५ मध्ये डब्ल्यू. आर. ली यांचे भाषाशिक्षणातील खेळ आणि स्पर्धा यांवरचे पुस्तक आले, ते अशा वेळी. हे ली पुढे दोन वर्षांनी इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे संस्थापक झाले. घोकणीला विरोध न करता तिच्यात प्राण फुंकण्याचे काम त्या काळच्या खेळांनी केले. एक मुलगी फळ्यासमोर येऊन मूक अभिनय करते आणि बाकीची मुले विचारतात, ‘आर यू वॉशिंग क्लोद्ज?’ ती मान हलवते. ‘आर यू मेकिंग भाकरी?’ पुन्हा नकार. पाच मिनिटांत चालू वर्तमानकाळातील प्रश्नाची रचना वीस वेळा म्हटली जाते, पण प्रत्येक वेळी विचारणाऱ्याला उत्तर खरोखर हवे असते. माझ्या मते या साध्या खेळातच साऱ्या चळवळीचे मर्म आहे.

सत्तरच्या दशकात हा धागा पक्का झाला. डेल हाइम्स यांनी संप्रेषणक्षमतेची, म्हणजे प्रसंगाला साजेशी भाषा वापरता येण्याच्या क्षमतेची, कल्पना मांडली, डेव्हिड विल्किन्स यांनी १९७६ मध्ये अभ्यासक्रमाची आखणी अर्थ आणि प्रयोजन यांच्या आधारे करण्याचा विचार पुस्तकरूपाने दिला, आणि एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसणे हे वर्गातील बोलण्याचे निमित्त ठरले. १९७९ मध्ये अँड्र्यू राइट आणि त्यांचे सहकारी यांचा खेळसंग्रह आला. १९८४ मध्ये मारिओ रिनव्होलुक्री यांनी केवळ व्याकरणाच्या खेळांचे पुस्तक काढले आणि १९८८ मध्ये पेनी अर यांनी व्याकरणाच्या सरावकृती एकत्र केल्या.

याच परंपरेतला लिलावाचा खेळ आपल्या वर्गांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. शिक्षक फळ्यावर दहा-बारा वाक्ये लिहितात. त्यांतली काही शुद्ध असतात, काही चुकीची. प्रत्येक गटाला ठरावीक खोटे पैसे मिळतात आणि फक्त शुद्ध वाक्यांवर बोली लावायची असते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य पुकारले गेले की गटांत कुजबुज सुरू होते, कारण मराठी कानाला ते मुळीच खटकत नाही. ही चर्चा बहुतेक मराठीतच चालते आणि त्यात काही बिघडत नाही, कारण नियमाचा खल मुले स्वतः करत असतात. खोटे का होईना, पैसे पणाला लागलेले असल्यामुळे त्यांना निर्णय घ्यावाच लागतो.

सापशिडीचा पटही व्याकरणासाठी वापरला जातो. हा खेळ मूळचा इकडचा. मोक्षपट या नावाने महाराष्ट्रात त्याची परंपरा असून ती ज्ञानेश्वरांशी जोडली जाते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये घरगुती खेळ म्हणून रूढ झाला. व्याकरणाच्या सापशिडीत घरात लिहिलेले वाक्य दुरुस्त केले तरच सोंगटी पुढे सरकते. परंतु जिंकणे-हरणे फाशावर ठरते आणि व्याकरण जकातीसारखे मध्ये येते. मूक अभिनयाच्या खेळात प्रश्न विचारणे हीच चाल असते, म्हणून तो खेळ अधिक सकस ठरतो.

भारतातून आलेले आव्हान याहून मूलगामी होते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत बंगळूर प्रकल्प राबवला. नकाशे, वेळापत्रके, कोडी अशी कामे मुलांपुढे ठेवायची आणि लक्ष अर्थाकडे असताना व्याकरण नकळत आत्मसात होते असे मानायचे, ही त्यामागची भूमिका होती. तिच्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे १९९० मध्ये रूथ वाइनरिब यांनी व्याकरण-श्रुतलेखनाची कृती सविस्तर मांडली, तिने एक मधला मार्ग दाखवला. परिच्छेद भरभर वाचून दाखवायचा, मुलांनी टिपलेल्या तुटक शब्दांवरून गटात तो पुन्हा उभा करायचा आणि मग मूळ परिच्छेदाशी ताडून पाहायचा.

महाराष्ट्रात या प्रश्नाला धार आली ती जून २००० पासून, जेव्हा सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर खेर सरकारच्या धोरणाने इंग्रजी आठवीवर नेले होते आणि पुढे ते पाचवीपासून शिकवले जाऊ लागले होते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र काळांची नावे सांगून काहीच साधत नाही, म्हणून बडबडगीते, आज्ञा आणि खेळ यांना पहिल्यांदाच पाठ्यक्रमात मानाचे स्थान मिळाले. तरीही पन्नास-साठ मुलांचा वर्ग, हलवता न येणारे बाक आणि शेजारच्या वर्गापर्यंत जाणारा गोंगाट या अडचणी राहिल्याच. त्यांवर शिक्षकांनीच तोडगे काढले. दर दुसऱ्या बाकावरची मुले मागे वळली की चौघांचा गट होतो, आणि चिठ्ठ्यांसाठी जुन्या वह्यांची कोरी पाने पुरतात.