गुडघ्याची वाटी

मध्ययुगीन युरोपातल्या सरदाराचं पोलादी कवच आपल्या हातांनी घडवायचं, या वेडाने झपाटलेली माणसं आजही जगभर सापडतात. नवशिक्याला अर्थातच शिरस्त्राण करायचं असतं. जाणते त्याला थोपवतात आणि आधी गुडघ्याची वाटी करायला बसवतात. आपल्या शरीरातली वाटी हाडाची असते. ही दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, गुडघ्यावर बाहेरून बसवायची.

लाकडाच्या ओंडक्यात बशीएवढा खळगा कोरलेला असतो. त्यावर पत्रा धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने ठोकत राहायचं. मधला भाग खाली बसत जातो, पण ताणला गेल्यामुळे पातळही होतो. काठावर वेगळंच संकट असतं. वाटी खोल होत जाईल तसा काठाचा घेर आवळायला हवा, मग जास्तीचा पत्रा जाणार कुठे? मोदकाला कळ्या पाडाव्यात तशा चुण्या उभ्या राहतात. त्या लहान असतानाच ठोकून जिरवाव्या लागतात. एखादी चुणी स्वतःवर दुमडली, की तिथे चीर ठरलेलीच.

शिरस्त्राणासारख्या खोल आकाराला ही युक्ती पुरत नाही. तिथे पत्रा लोखंडी खुंट्यावर पालथा घालतात आणि बाहेरून ठोकत काठाकडचा धातू आत रेटत नेतात. यात पत्रा पातळ होण्याऐवजी काठाशी जाड होतो. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडताना ज्याने पाहिला असेल, त्याला हे वर्णन नवं वाटणार नाही. आपलं चिलखत बहुधा लोखंडी कड्यांचं, त्याची विद्या निराळी. पत्र्याच्या कवचाचा खरा भाऊबंद म्हणजे आपला तांबट.

तांब्याच्या भांड्यावर शेवटी मठारकाम होतं. ओळीने पडलेल्या त्या चमकदार ठोक्यांना आपण नक्षी समजतो, पण त्यांनी भांडं ताठही होतं. असं का होतं, हे तारेचा तुकडा वाकवून पाहिलात तर बोटांनाच कळेल. पहिल्यांदा तार सहज वाकते, नंतर हट्ट करते आणि शेवटी तुटते. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत जागोजागी चुका असतात. या चुका सरकतात म्हणून धातू वाकतो. ठोकून ठोकून त्यांची संख्या वाढते, त्या एकमेकींत अडकतात, मांजाचा गुंता व्हावा तशा. मग सरकायला वाव उरत नाही. धातू कठीण होतो आणि ठिसूळही.

कवच घडवणाऱ्याचं निम्मं आयुष्य या गुंत्याशी झुंजण्यात जातं. हातोडीचा आवाज बदलला, पत्रा उसळायला लागला, की थांबायचं. पत्रा लालबुंद तापवून हळूहळू निवू द्यायचा. त्या उष्णतेत गुंतलेल्या जुन्या स्फटिकांच्या जागी नवे, नीटस स्फटिक तयार होतात आणि पत्रा पुन्हा मऊ होतो. अजून चार फेरे जमतील या लोभापायी थांबला नाही, त्याची वाटी चिरते.

आजचा शिकाऊ माणूस बाजारातून एकसारख्या जाडीचा पत्रा आणतो. पंधराव्या शतकातल्या मिलान किंवा न्यूरेंबर्गच्या कारागिराचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. त्याचं पोलाद भट्टीतून राहिलेल्या मळीच्या रेषांनी भरलेलं असे आणि त्यात कार्बन कुठे कमी, कुठे जास्त. त्यातूनही तो छातीचा पत्रा मध्यभागी जाड आणि बगलेकडे पातळ ठेवत असे. सगळीकडे सारखी जाडी म्हणजे फुकटचा बोजा. रणांगणावरचं पूर्ण कवच साधारण 20 ते 25 किलोंचं असे. पायांवरचं वजन तर प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. लीड्स विद्यापीठाच्या 2011 सालच्या प्रयोगात कवच घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागली.

खरी कसोटी घडवून झाल्यावर लागे. पुरेसा कार्बन असलेलं पोलाद लाल तापवलं, की लोखंडाच्या स्फटिकाची रचना बदलते आणि त्यात कार्बन विरघळतो. तेच झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवलं, की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकून राहतो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. आपले लोहार याला पाणी पाजणं म्हणतात. मग मंद आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. घासलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळा रंग चढतो. थर्मामीटर नव्हता तेव्हा हेच तापमान मोजण्याचं साधन.

सांगायला हे सोपं आहे. पण कडक होताना पोलाद किंचित फुगतं, आणि पातळ पत्रा सगळीकडे एकाच क्षणी निवत नाही. तो पिळतो. वाटी मांडीच्या पत्र्यावर मऊसूत सरकायला हवी, ती पाण्यातून वाकडी बाहेर आली तर महिन्याभराची मेहनत वाया. म्हणूनच बरेच कारागीर या वाटेला गेले नाहीत, आणि मला त्यांना नावं ठेववत नाहीत. सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनने 1504 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये स्थापलेल्या कार्यशाळेला मात्र हे उत्तम साधलं होतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने ग्रिनिचला आणलेल्या कारागिरांना ते साधायला बराच काळ जावा लागला.

इटलीतली गोष्ट मजेशीर आहे. सोळाव्या शतकात श्रीमंत गिऱ्हाइकांना सोन्याचा मुलामा हवासा झाला. मुलाम्यासाठी सोनं पाऱ्यात कालवून फासत आणि आच देऊन पारा उडवत. पारा 357 अंशांना उकळतो, म्हणजे त्या निळ्या रंगाच्याही पलीकडे. एवढ्या आचेत पाजलेल्या पाण्याचा बराच भाग उतरतो. धातुशास्त्राचे अभ्यासक अ‍ॅलन विल्यम्स यांनी शेकडो कवचांचं पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यांच्या मते, इटालियन कारागिरांनी पाणी पाजणं सोडलं ते याच हौसेपायी. काचेच्या कपाटाबाहेर उभं राहून यातलं काहीच कळत नाही. तिथे सगळ्यात जास्त झगमगतं ते सोनेरी कवच, आणि बऱ्याचदा सगळ्यात मऊही तेच.