आंतरसांस्कृतिक समायोजन आणि संवाद : इस्राएलमधील बेने इस्राएल

आंतरसांस्कृतिक समायोजन : एका संस्कृतीत वाढलेली माणसे दुसऱ्या संस्कृतीत कायमची राहू लागली की त्यांच्या बोलण्यावागण्यात आणि स्वतःकडे पाहण्याच्या दृष्टीत हळूहळू होणारा बदल. त्याचे मुख्य साधन संवाद. नव्या समाजाचे अलिखित संकेत पुस्तकातून थोडेच कळतात. दुकानात, कचेरीत, शेजाऱ्याशी बोलताना ते अंगवळणी पडतात. रेडफील्ड, लिंटन आणि हर्सकोव्हिट्स या मानवशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये या विषयाच्या अभ्यासाची चौकट आखली. पुढे कोरियात जन्मलेल्या अमेरिकन अभ्यासक यंग युन किम यांनी संवादाला केंद्रस्थानी आणले. यजमान समाजाशी संवाद वाढतो तसे समायोजन वाढते. आपल्या लोकांशी संवाद सुरुवातीला आधार देतो, पण माणूस त्यातच अडकून राहिला तर पुढे तोच आड येतो, असे त्यांच्या सिद्धांताचे सार आहे. यजमान समाज नवागतांना कितपत सामावून घेतो, हेही त्या विचारात घेतात. कोकणातून इस्राएलला गेलेल्या मराठीभाषक ज्यूंच्या अनुभवावर हा सिद्धांत चांगला तपासता येतो.

बेने इस्राएल म्हणून ओळखले जाणारे हे ज्यू शतकानुशतके रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर राहत. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरूनच आलेली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या पोथीच्या, चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. दोन संस्कृतींत एकाच वेळी राहण्याची सवय या समाजाला होतीच. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली आणि बीरशेबा, डिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत वसली.

तिथे पहिली अडचण भाषेची. प्रार्थनेतली हिब्रू अनेकांना पाठ होती. पण भाजी घेण्यापुरती हिब्रू येत नव्हती. नवागतांसाठी ‘उल्पान’ हे सघन हिब्रू वर्ग होते. पहिला उल्पान १९४९ मध्ये जेरुसलेमला सुरू झाला. वर्गात शिक्षक पहिल्या दिवसापासून हिब्रूतच बोलत. कामधंद्याला लागलेल्यांना आणि घरात लहान मुले असलेल्या बायकांना हे वर्ग पूर्ण करणे कठीण जाई. शाळेत आणि पुढे लष्करी सेवेत मुलांची भाषा भराभर सुधारे, आणि कचेरीतले कागद आईबापांना समजावून सांगण्याचे काम त्यांच्याकडे येई. घरातल्या मानपानाची उतरंड त्यामुळे काहीशी उलटी होई.

दुसरी अडचण बोलण्याच्या रीतीची, आणि ती व्याकरणापेक्षा चिवट. इस्राएली समाजात ‘दुग्री’ म्हणजे सडेतोड, आडपडदा न ठेवता बोलणे हा प्रामाणिकपणा मानला जातो. इस्राएली अभ्यासक तमार कात्रिएल यांनी या शैलीचा सविस्तर अभ्यास केला आहे. हिब्रूत तू आणि तुम्ही असा आदरार्थी भेदही नाही. थोरामोठ्यांसमोर आवाज चढवू नये या संस्कारातल्या माणसाला ही भाषा उद्धट वाटे. उलट त्याचा मवाळपणा समोरच्याला तक्रार नसल्यासारखा वाटणे सहज शक्य होते.

मग संवादाचे साधन म्हणून उपयोगी पडला तो भारतातूनच आणलेला सत्याग्रह. भेदभावाच्या तक्रारींवरून १९५१ च्या अखेरीस बीरशेबाच्या काही जणांनी तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या, म्हणजे नवागतांना वसवणाऱ्या संस्थेच्या, दारी ठिय्या देऊन उपोषण केले. परत भारतात पाठवा, अशी त्यांची मागणी होती. काही कुटुंबे खरोखर परतली. त्यांतली बरीचशी पुढे पुन्हा इस्राएलला गेली. सत्याग्रहाला दुभाषा लागत नाही, म्हणून तो लवकर कळला असावा.

१९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य ज्यू धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहाआधी वंशावळ तपासण्याचे निर्देश दिले. शेकडो वर्षे शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळलेल्यांना ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला. हिब्रू उत्तम येणाऱ्यालाही त्यातून सूट नव्हती, आणि भाषा आली की माणूस आपोआप सामावला जातो हा समज इथेच उघडा पडतो. जेरुसलेममध्ये पुन्हा ठिय्या बसला. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि त्यानंतर निर्देशांतून त्यांचा नामोल्लेख काढण्यात आला.

आपल्या लोकांशी संवाद पुढे आड येतो, हा किम यांच्या सिद्धांताचा भाग मात्र इथे तंतोतंत लागू पडत नाही. मराठी कीर्तने, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक आणि समाजाच्या संघटना यांनी आपसातला संवाद टिकवला. त्याने इस्राएली होण्याची वाट अडली असे दिसत नाही. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा हा विधी याचे ठळक उदाहरण. भिजवलेले पोहे, साखर, खोवलेले खोबरे, वेलची आणि फळे ताटात मांडून लग्नाआधी किंवा नवस फिटल्यावर प्रार्थना म्हणतात. प्रेषित बायबलमधला, ताट कोकणातले. इतर देशांतून आलेल्या ज्यूंनाही एलियाहू ओळखीचा असल्याने पाहुण्याला फक्त पोह्यांचे कारण सांगावे लागते.

नव्या पिढीची घरातली भाषा आता प्रामुख्याने हिब्रू आहे. मराठी उरली आहे ती मुख्यतः ज्येष्ठांच्या बोलण्यात, गाण्यांत आणि पदार्थांच्या नावांत.