थॉमसन द्राक्षाला पेपर कधी लावायचा?

डिसेंबर संपत आला की दुकानात एकच मागणी सुरू होते: "मणी गुलाबी व्हायला लागलेत, फवारायला काहीतरी द्या." असं औषध आम्ही विकत नाही. सालीत एकदा बसलेला रंग फवाऱ्याने जात नाही.

हा रंग अँथोसायनिनचा. शरद सीडलेस काळी होते, क्रिमसन लाल होते, ती याच द्रव्यामुळे. थॉमसनसारख्या पांढऱ्या, म्हणजे हिरवट, जातींत ते तयार करायला लावणारं जनुक जवळजवळ बंद असतं. पण निफाड-दिंडोरीकडे रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन अशी तफावत पडली, की थॉमसनच्या सालीतही थोडं अँथोसायनिन उतरतं. चव बिघडत नाही, पण निर्यातीचा व्यापारी तो घड बाजूला काढतो.

रंग धरायला सुरुवात होते मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी पिकायला लागून मऊ पडताना. म्हणून घड झाकणारा पेपर त्याआधी लागला पाहिजे. शेजारच्या बागेत गुलाबी मणी दिसले की मग आमच्याकडे धावत येणारे दरवर्षी भेटतात. तोवर त्यांच्या बागेतही पाणी उतरलेलं असतं. पेपर, पिना आणि मजुरी, तिन्ही वाया. रोज दोन-चार घडांतले मणी दाबून बघा. कडक असतील तर वेळ आहे. मऊ पडून आरपार दिसू लागले तर उशीर झाला. सगळ्या बागेत एकदम पाणी उतरत नाही, तेव्हा वाढीत पुढे असलेल्या ओळी आधी झाका. पेपरने गुलाबीपणा बराच कमी होतो. शंभर टक्के थांबेल असं आम्ही सांगणार नाही.

झाकण्यापूर्वी भुरी (पांढरी बुरशी) आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) नीट तपासा, घड कोरडा असू द्या. आत राहिलेली भुरी काढणीलाच दिसते. मधूनमधून काही पेपर उघडून बघत राहा.

जुनी वर्तमानपत्रं चालतात का? चालतात. पण दवाने मऊ पडून फाटली की मजूर पुन्हा लावावे लागतात. आमचा कागद थोडा महाग आहे तो याचसाठी, आणि घडाच्या मापाने कापून मिळतो. आगाऊ नोंदणी घेतो, कारण पेपरची गरज सगळ्यांना त्याच आठवड्यात पडते आणि ऐनवेळी माल पुरत नाही.

क्रिमसन, शरदवाल्यांचं गणित वेगळं. तिथे रंग हवाच असतो. वेलीवर घड जास्त ठेवले किंवा नत्र जादा झालं की तो मागे पडतो. त्यांनी आधी घडांची संख्या मोजून यावं, मग बोलू.

थॉमसनवाल्यांनी ऑक्टोबर छाटणीची तारीख आणि एकरी घडांचा अंदाज आणावा. किती कागद लागेल ते आम्ही काढून देऊ.