घंटेखालची रिकामी भोकं

लँटर्न क्लॉक पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचा एकच काटा खटकतो. मिनिटकाटा गळून पडला असावा असं वाटतं, पण तो कधी नव्हताच. तबकडीवर दोन आकड्यांच्या मध्ये चार घरं असतात. काटा कुठल्या घरात आहे ते पाहून पाव तास ओळखायचा. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या घरांत पोचलेलं, जेमतेम हातभर उंचीचं हे पितळी घड्याळ. वर घंटा, खाली लोंबती वजनं.

याहून बारीक वेळ दाखवणं त्याच्या कुवतीतच नव्हतं. घंटेखाली एक चाक मागेपुढे झुलायचं. त्याला स्प्रिंग नव्हती, म्हणजे स्वतःचा असा तालच नव्हता. यंत्रातल्या दातेरी चाकाचा दाता जितक्या जोरात ढकलेल तितक्या वेगात ते फिरणार. थंडीत तेल थिजलं की चाल बदलली. दिवसाला पाव तासाची चूक सहज व्हायची.

1656 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने लंबकाचं घड्याळ साधलं आणि 1658 मध्ये घड्याळजी आहासुएरस फ्रोमान्टील लंडनमध्ये तशी घड्याळं विकू लागला. लंबकाच्या झोक्याला किती वेळ लागणार हे मुख्यतः त्याच्या लांबीवर ठरतं. ढकलणारा जोर थोडा कमीजास्त झाला तरी फारसं बिघडत नाही. पुढे 1670 च्या सुमारास अँकर एस्केपमेंट (चाकाला एकेक दात पुढे सोडणारी नांगराच्या आकाराची रचना) आली, आणि तिच्याबरोबर सुमारे मीटरभर लांबीचा, सेकंदाला एक टोला देणारा लंबक.

मग लोकांनी जुनी घड्याळं फेकली नाहीत, सुधारून घेतली. झुलतं चाक काढलं, लंबक लावला. म्हणून मूळ चाकासकट टिकलेलं घड्याळ आज फार दुर्मीळ आहे. पण चाकाचा आधार जिथे स्क्रूने बसवलेला होता तिथली भोकं वरच्या पितळी पत्र्यावर राहिली. संग्राहक आधी तीच शोधतो. मला ही भोकं व्यंग वाटत नाहीत. वेळ मोजण्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी त्या पत्र्यावर उमटलेली आहे.

वाईट वाटतं ते व्हिक्टोरियन काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बदलांचं. तेव्हा जुनी यंत्रणाच काढून टाकून आत स्प्रिंगचं यंत्र बसवलं गेलं. ते ओळखणं सोपं आहे. मूळ घड्याळात दोरी ओढून वजन वर घेतात, किल्ली लागतच नाही. तबकडीला किल्लीचं भोक दिसलं, की आतलं यंत्र नंतरचं.

पितळही साक्ष देतं. त्या काळी युरोपातले कारागीर तांबं, जस्ताचं खनिज आणि कोळसा एकत्र तापवायचे. जस्ताची वाफ तांब्यात मुरायची, पण साधारण 30 टक्क्यांच्या आसपास थांबायची. (याहून जास्त जस्त हवं तर शुद्ध जस्तच तांब्यात मिसळावं लागतं. राजस्थानात जावरला त्याआधीच शुद्ध जस्त गाळत होते, इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट 1738 चं, ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनचं.) क्ष-किरणांनी तपासलेल्या भागात जस्त 35 टक्क्यांच्या पुढे निघालं, तर तो भाग सतराव्या शतकातला असण्याची शक्यता फार कमी.

तेव्हा घड्याळ घ्यायचं असेल तर चकचकीत दर्शनी फोटोवर थांबू नका. घंटा काढून वरच्या पत्र्याचा फोटो मागा, आणि बाजूची दारं उघडून आतल्या चाकांचाही.