तूर आब्दीन: गावं 1915 सालीच रिकामी झाली का?

आग्नेय तुर्कस्तानातल्या मिद्यात भागाविषयी, म्हणजे तूर आब्दीनविषयी, एक समज पक्का बसलाय: 1915च्या, म्हणजे ऑटोमन काळातल्या, कत्तलीत सिरियाक ख्रिश्चन (अरामी भाषा बोलणारा तिथला जुना समाज) संपले आणि गावं कुर्दांची झाली. अर्धंच खरं. कत्तल भीषण होती, कित्येक गावं कायमची गेली. पण आयनवार्दो गावच्या लोकांनी तटबंदीच्या चर्चमध्ये आसरा घेऊन वेढा परतवला, आणि मिझिझासारख्या गावांत दोन्ही समाज पुढेही शेजारी राहिले.

मोठी ओहोटी लागली ती 1960 नंतर. 1961च्या करारानं जर्मनीत कामगार जाऊ लागले, मागोमाग स्वीडनची वाट उघडली. 1980-90च्या दशकांत तुर्की लष्कर आणि पीकेके (कुर्दांची सशस्त्र संघटना) यांच्या लढाईत माणसं उरली-सुरली घरंही सोडून गेली. काफ्रो गाव तेव्हाच ओस पडलं. त्या काळात कुर्दांचीही असंख्य गावं सक्तीनं रिकामी झाली, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

आकडे वाचताना जपून. मातृभाषा आणि धर्माचे जनगणनेतले आकडे 1965 नंतर छापलेच गेले नाहीत. 2007 पासूनची नोंद पत्त्यावर आधारलेली, त्यातही भाषा-धर्माचे आकडे छापले जात नाहीत. तेव्हा ‘गावात इतके टक्के सिरियाक’ असं कुणी अलीकडच्या जनगणनेच्या नावानं सांगितलं, तर तो अंदाजच समजा. उन्हाळ्यात युरोपातून आलेली कुटुंबं मोजली, तर तोही फुगतो.

परतीचं दार 2001च्या सरकारी परिपत्रकानं उघडलं, 2006 मध्ये काफ्रोत काही कुटुंबं परतलीही. खरी अडचण सातबाऱ्याची म्हणा ना: वीस वर्षं कसणाऱ्याचा ताबा कायदा मानतो, आणि मालक तर परदेशात.