गोळी की आहार? त्याआधीचा प्रश्न निदानाचा

किशोरवयीन मुलींच्या पीसीओएसवर (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि हार्मोनचा विकार) गर्भनिरोधक गोळी बरी की आहार, असा प्रश्न विचारला जातो. या विकाराची गोष्ट जुनी आहे. शिकागोतल्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९३५ मध्ये अशा सात स्त्रियांची नोंद केली, ज्यांची पाळी बिघडलेली होती आणि अंडाशय मोठे झाले होते. त्या काळी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढत. पुढे गर्भनिरोधक गोळ्या आल्या. इन्सुलिन वाढले की अंडाशय जास्त अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) तयार करतात, हे कळल्यावर १९९० च्या दशकात मधुमेहावरचे मेटफॉर्मिनही या उपचारात आले. आहार-व्यायामाचा सल्लाही त्याच इन्सुलिनच्या धाग्यावर उभा आहे.

खरा गुंता २००३ चा. रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निदानाच्या निकषांनुसार अनियमित पाळी, अँड्रोजेनची वाढ आणि सोनोग्राफीत दिसणारे अनेक बारीक बीजपुट (अंडाशयातल्या, बीज असलेल्या बारीक पिशव्या), या तीनपैकी दोन गोष्टी पुरेशा ठरल्या. प्रौढ स्त्रीसाठी हे ठीक. पण चौदा वर्षांच्या मुलीची पाळी अजून नियमित व्हायची असते आणि तिच्या अंडाशयात असे बीजपुट सर्रास दिसतात. म्हणजे वयाचाच भाग असलेल्या दोन गोष्टींवरून तिच्यावर आजाराचा शिक्का बसू लागला. आपल्याकडे त्यात पीसीओएसलाच वापरल्या जाणाऱ्या ‘पीसीओडी’ (शेवटचा ‘डी’ म्हणजे ‘डिसीज’, आजार) या शब्दाने भर घातली. रिपोर्टवर ही अक्षरे दिसली की घरात ‘गाठी झाल्यात’ अशी धास्ती बसते. त्या गाठी नसतात, वाढ थांबलेले बीजपुट असतात. हे कुणीतरी त्या मुलीला नीट सांगायला हवे.

गोळी आणि आहार यांच्या तुलनेचा घोळही इथूनच सुरू होतो. जिची पाळी वयानुसार आपोआप सुधारणार होती, तिच्या बाबतीत श्रेय गोळीलाही जाते आणि बंद केलेल्या बिस्किटांनाही. त्यातच गोळीवर दर महिन्याला होणारा रक्तस्राव हार्मोन थांबवल्यामुळे होतो. त्यावरून बीजोत्सर्ग (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) सुरू झाला असे म्हणता येत नाही.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ही चूक बरीचशी सुधारली. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी नको आणि किशोरवयात अनियमित पाळी व वाढलेले अँड्रोजेन ही दोन्ही लक्षणे हवीत, असे त्यांत ठरले. पहिल्या पाळीनंतर तीन वर्षे उलटल्यावरही दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर ती अनियमित धरतात. २०२३ च्या सुधारित सूचनांनीही हेच कायम ठेवले. अमुकच आहार इतरांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे. एकच लक्षण असलेल्या मुलीला ‘जोखीम असलेली’ म्हणायचे, तिला होणाऱ्या त्रासावर उपचार करायचे आणि पुढे पुन्हा तपासायचे.